मधल्या ओळीतली तीन बटणं

१

परीक्षा ज्याची असते तो एकाच खुर्चीवर बसतो. आकारामला सगळ्या खुर्च्यांवर बसावं लागे. गडमुडशिंगीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून, खाली फर्निचरचं दुकान आणि वर ऑनलाइन परीक्षेचं केंद्र, अशी ती इमारत. भरती सरकारी असो नाहीतर बँकेची, आदल्या दिवशी सकाळी आकाराम हॉल उघडायचा, एसी लावायचा आणि पहिल्या रांगेपासून कीबोर्ड तपासायला सुरुवात करायचा.

काम सोपं होतं. पडद्यावर कीबोर्डचं चित्र यायचं. आपण खरं बटण दाबलं की चित्रातलं बटण पिवळं व्हायचं, सोडलं की हिरवं. सगळं चित्र हिरवं झालं की उठायचं आणि शेजारच्या खुर्चीवर बसायचं. एखादं पांढरंच राहिलं तर ते बटण मेलेलं. कीबोर्ड काढून दुसरा जोडायचा. कुणाचं एखादं अक्षर उमटलं नाही म्हणून त्याची नोकरी हुकू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आकाराम कारखान्यात असताना त्याच्यासाठी कुणी एवढं तपासून बघितलं नव्हतं.

हे काम तो उजव्या हातानं करायचा. डाव्याला अंगठा आणि करंगळी एवढंच शिल्लक होतं. मधली तीन बोटं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेली. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात आत राहू नये म्हणून केलेली ती सोय. पण मजुरी नगावर ठरलेली असली की माणसाला ती सोय परवडत नाही. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचं आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवायचा, हे तिथं सगळेच करत. पाचरी सुपरवायझरच्या टेबलाच्या खणात असत. चौकशीत मात्र 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढंच लिहिलं गेलं. प्रेस धुतला, त्याच्यापुढं नारळ फोडला आणि दुसऱ्या पाळीला काम सुरू झालं. त्या प्रेसवर आकारामच्या आधीही बोटं गेली होती. नारळाची पद्धत तेव्हापासूनचीच.

त्यानंतर तो आकारामचा 'आकाराममामा' झाला. चाळिशीही न ओलांडलेल्या माणसाला केंद्रातली पोरं मामा म्हणत, चहा सांगत आणि चहा आणताना त्याच्या हाताकडे न बघायची काळजी घेत. हे कामही त्याला बायकोनं, संयोगितानं, मिळवून दिलेलं. ती कोल्हापुरात ज्या टायपिंगच्या क्लासला जाई, तिथल्या मॅडमच्या ओळखीनं. आकारामनं तोंडानं कधी कुरकूर केली नाही, पण बायकोच्या ओळखीवर पोट भरतं हे त्याला सलत होतं, आणि सलतं हे तिलाही माहीत होतं.

२

दिवाळी झाल्यावरची एक दुपार. पुढच्या आठवड्यात टंकलेखनाची चाचणी होती, म्हणून या वेळी एक तपासणी आधीच काढली होती. आकाराम दुसऱ्या रांगेत बसून उजवीकडची आकड्यांची बटणं दाबत होता. डावा हात नेहमीसारखा कीबोर्डच्या पुढ्यात टेबलावर पडलेला. सहज पडद्याकडे लक्ष गेलं तर डावीकडे, मधल्या ओळीत, तीन बटणं पिवळी होती. एस, डी आणि एफ, टाइप करताना डाव्या हाताची मधली तीन बोटं टेकतात ती.

तिकडची बटणं त्यानं अजून दाबलीच नव्हती. आणि पिवळं म्हणजे दाबून गेलेलं नव्हे, आत्ता दाबून धरलेलं. त्यानं वाकून पाहिलं. बटणं वर होती. त्याच्या तुटक्या हाताचा पंजा त्यांच्यापासून चांगल्या अंतरावर होता.

अडकली असतील, असं तो मनाशी म्हणाला. कीबोर्ड उलटा करून आपटला, लाडूचा चुरा पडला, पुन्हा लावला. डावा हात टेबलावर ठेवला. एस, डी, एफ पिवळी. हात मांडीवर घेतला. तिन्ही हिरवी झाली. पुन्हा ठेवला. पिवळी.

आकाराम काही देवभोळा माणूस नव्हता. कारखान्यात पंधरा वर्षं काढलेला माणूस मशीन बिघडलं की आधी वायर बघतो. त्यानं वायर बदलली. कीबोर्ड बदलला. मग जागाच बदलली आणि चौथ्या रांगेत जाऊन बसला. शेवटी जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन त्या तीन बटणांवर पालथं घातलं आणि हात पुढं आणला. झाकणाखाली बटणं खाली गेल्याचा बारीक आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला.

त्यानं हात पँटच्या खिशात कोंबला आणि उरलेली रांग तसाच तपासत गेला. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते की गेलेली बोटं बरेच दिवस खाजतील, दुखतील. मेंदूला ती गेल्याचं लवकर पटत नाही. ते खरंही झालं होतं. कित्येक रात्री नसलेल्या बोटांना आग लागायची आणि खाजवायला जागा नसायची. मेंदूला पटत नाही हे त्याला समजत होतं. पण कीबोर्डाला कुठला मेंदू? त्याला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. आपलं काहीतरी शिल्लक आहे असं त्याला बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं.

३

घरी संयोगिता सरावाला बसलेली असायची. पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, शेजारी स्टुलावर वर्तमानपत्र. अग्रलेख बघून बघून ती टाइप करायची. जिल्ह्याच्या कचेरीतल्या लिपिकाची भरती, लेखीत तिचं नाव लागलेलं, राहिली होती फक्त टंकलेखनाची चाचणी. वयात बसणारी ही तिची शेवटची भरती होती. ही नोकरी लागली तर घर उभं राहणार होतं. नाही लागली तर दुसऱ्याच्या रानात भांगलायला, तण काढायला, जाणं तिच्या कपाळी होतं, आणि ते ती तीन वर्षं करतच होती.

"वेग आला का?" आकारामनं दारातनं विचारलं.

"येतोय की. आज एकदा बी चुकलं न्हाय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

तो खाटेवर टेकला. तिच्या बोटांचा आवाज कानाला चांगला लागायचा. पावसाची झड बसावी तसा एकसारखा. ऐकता ऐकता त्याला डाव्या हातात काहीतरी कळलं. गुळगुळीत, किंचित खोलगट असं काहीतरी बोटांच्या टोकांना लागत होतं. तो खाटेवर होता, कीबोर्ड खोलीच्या त्या टोकाला होता. बोटं खाली गेली.

"आयला," संयोगिता म्हणाली. "ह्ये काय उमटलं मधीच?"

तिनं खोडलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच झालं. तिनं कीबोर्डावर फुंकर मारली, पदरानं पुसला.

"तुमी येवढी तपासतासा की लोकांची. ह्यो बी बगा की एकदा. यफ आपसूक दबतोय."

"बगतो," आकाराम म्हणाला आणि उठून मागच्या परसात गेला. पाण्याच्या टाकीशी उभा राहून त्यानं डावा हात बादलीत बुडवला. आतनं पुन्हा तिचा आवाज आला, "आता ही तिन्ही बी!" बोटांवर त्यानं लाख जोर लावला, मनातल्या मनात ती मागं ओढली. ती ओढली गेली नाहीत. त्याची होती, पण त्याचं ऐकत नव्हती.

४

जेवताना त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं एकदाही विचारला नव्हता.

"दवाखान्यात तुला पिशवी दिल्ती नव्हं? बोटांची?"

संयोगिताचा घास हातातच राहिला. "आता कशाला ती आटवण?"

"इचारतोय. कुटं पुरलीस?"

"पुरली न्हाईत. हंबीरदाजी म्हणलं, जित्या माणसाची माती करू नगासा, मागनं त्यो माणूस बी मातीची वाट धरतोय. रानात पुराय दिली न्हाईत त्यांनी." हंबीरराव म्हणजे आकारामचा थोरला भाऊ, रान त्याच्या ताब्यात होतं आणि त्याच्या शब्दापुढं घरात कुणी जात नसे.

"मग?"

"मग काय? मी बसल्यालो पायरीवर पिशवी मांडीवर घिऊन. तुमी आत बेसूद. कारखान्यातलं दोघं आल्तं. त्यातला एक म्हणला, वैनी, द्या हिकडं. आमची जागा ठरल्याली हाय."

आकारामनं हातातली भाकरी खाली ठेवली. "कसली जागा?"

"मी न्हाई इचारलं."

"ठरल्याली म्हंजे? तितं आणखी कुणाची..."

"आवं, मला काय ठावं?" तिचा आवाज चढला. "मांडीवर रगात गळत हुतं. कुणी तरी न्यायला तयार झालं, दिली. तुमी आसतासा तर काय केलं आसतं? उशाला घिऊन झोपला आसतासा?"

त्यानं ताट सरकवलं. तिचं चुकलं असं त्याला म्हणता येत नव्हतं. पण ती बोटं अशी, कोथिंबिरीच्या जुडीसारखी, मागितली आणि दिली, याचा त्याला राग आला. तो राग त्यानं बोलून दाखवला नाही, आणि न बोललेला राग त्याच्याकडे आधीच पुष्कळ साठलेला होता.

५

चाचणीच्या आदल्या दिवशी तो हॉलमध्ये गेला तेव्हा सकाळचं ऊन खिडक्यांतनं आत आलं होतं. नेहमीच्या पद्धतीनं त्यानं आधी सगळ्या कॉम्प्युटरांवर तपासणीचं चित्र उघडून ठेवलं. रांगांमागून रांगा, प्रत्येक पडद्यावर पांढरा कीबोर्ड. मग तो दाराजवळच्या स्टुलावर बसला, दोन्ही हात काखेत धरून. एसीच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता.

पहिल्या रांगेच्या पहिल्या पडद्यावर तीन ठिपके पिवळे झाले. थोडे थांबले. हिरवे झाले. मग शेजारच्या पडद्यावर पिवळे झाले.

आकाराम बघत राहिला. बटणांचा आवाज येत होता. तिन्हींचा मिळून एक, हलका. ठिपके रांगेच्या टोकाला गेले, वळले, दुसऱ्या रांगेतनं परत आले. घाई नव्हती. रात्री दिवे गेल्यावर माणूस भिंतीला हात लावत लावत काडेपेटी शोधतो तसं चाललं होतं. आणि प्रत्येक वेळी, खुर्चीगणिक, आकारामला त्याच्या नसलेल्या बोटांत ती बटणं लागत होती. कुठलं गार, कुठलं चिकट, कुठल्याची कड झिजलेली. तो जिथं बसला होता तिथनं पळून जायचं त्याच्या मनात आलं. पण पळून हात कुठं ठेवणार?

बोटं काहीतरी शोधत होती. आपण काय शोधतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या रांगेत, खिडकीकडच्या शेवटच्या जागेवर, ठिपके पिवळे झाले आणि पिवळेच राहिले. तो उठून तिथं गेला. एस, डी, एफ खाली दबलेली होती. डोळ्यांना दिसेल इतकी, दोन्हीकडच्या बटणांपेक्षा खोल. त्यानं उजव्या हाताचं बोट डीवर नेलं. बटणापर्यंत बोट पोचलंच नाही. त्याच्याआधी काहीतरी लागलं, मऊ आणि गार. त्यानं हात मागं घेतला आणि शर्टाला पुसत पुसत तो जिन्यापर्यंत गेला.

केंद्राचा प्रमुख राजवीर खाली गाडी लावत होता. पोरगेलासा, टापटीप, बोलायला बरा.

"सर, खिडकीकडची शेवटची जागा खराब हाय. उद्या ती बंद ठेवा."

राजवीर वर आला, त्या खुर्चीवर बसला आणि भराभर सगळी बटणं दाबली. सगळं चित्र हिरवं झालं.

"काय मामा, ओके तर आहे की. उद्या एक पण जागा बंद ठेवता येत नाही, उमेदवार पूर्ण आहेत." मग तो उठता उठता म्हणाला, "आणि हो, तुमच्या मिसेस उद्या बसणार आहेत ना? मग तुम्ही उद्या वर यायचं नाही. नियम आहे. कोण तक्रार करायला नको."

"मी तपासतो परत एकदा."

"मामा, मी तपासलंय आता," राजवीर जरा कडकपणे म्हणाला.

६

संध्याकाळी संयोगिता साडीला इस्त्री करत होती. आकाराम दोनदा आत-बाहेर झाला.

"एक ऐकशील? खिडकीकडच्या शेवटच्या जागंवर बसू नगंस उद्या."

"आपल्या हातात आसतंय व्हय ते? मशीन देतंय की नंबर."

"मग जाऊ नगंस."

इस्त्री थांबली. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात नवल नव्हतं. ती जणू ह्याच वाक्याची बरेच दिवस वाट बघत होती.

"का?"

काय सांगणार? त्यानं डावा हात पुढं केला. "बोटं हाईत माझी अजून. तितं हाईत. मी बगितलंय."

संयोगितानं इस्त्रीची वायर काढली, गुंडाळली. "त्या कम्पुटरपुढं बसतो मी रोज. सकाळी सैपाक, दुपारी भांगलण, रात्री सराव. तुमाला आंगोळ घातलीया, घास भरवलाय, शर्टाची बटणं लावली. कदी बोलून दावलं न्हाई. आज दावतो. बायकू खुर्चीवर बसल्याली बगवंना तुमाला. तेवढंच सांगा की सरळ. बोटांचं कशाला सांगतासा?"

"तसं न्हाई गं."

"तसंच हाय."

तसं नव्हतंच असं छातीवर हात ठेवून सांगायची त्याला हिंमत झाली नाही. ती कचेरीत जाईल, पंख्याखाली बसेल, लोक तिला मॅडम म्हणतील आणि तो मामा राहील, हे चित्र त्यानं पुष्कळदा बघितलं होतं आणि दर वेळी ते त्याला नकोसं झालं होतं. ती पास व्हावी असं त्याला मनापासून वाटत होतं. नापास व्हावी असंही एखाद्या वेळी, एखाद्या क्षणापुरतं, वाटून गेलं होतं. नवरा-बायकोत अशी क्षणापुरती पापं कोण मोजत बसतं?

७

सकाळी त्यानंच तिला मोपेडवरनं केंद्रावर सोडलं. ती रांगेत उभी राहिली, अंगठ्याचा ठसा दिला, मागं न बघता जिना चढून गेली. आकाराम रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसला. टपरीवाला ओळखीचा. त्यानं न विचारता चहा पुढं ठेवला.

रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर शेवटची खिडकी दिसत होती. काचेवर ऊन होतं म्हणून आतलं काही दिसत नव्हतं. आकारामनं डावं मनगट उजव्या हातानं घट्ट धरलं. घरात देवाला कधी हात न जोडणारा माणूस, मनातल्या मनात स्वतःच्या बोटांच्या विनवण्या करत होता. एवढा वेळ गप्प राहा. एवढी एक चाचणी. मग काय करायचं ते करा.

वर घंटा झाली. ती टपरीपर्यंत ऐकू आली.

बोटांना स्पर्श झाला. त्याला वाटलं होतं बटणं लागतील. बटणं नव्हती, बोटं होती. उबदार, भराभर हलणारी, त्याच्या बोटांच्या खाली. अनामिकेच्या पेराला एक जुना, उभा व्रण होता. विळीनं कापलेलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आकारामनंच हळद दाबून बांधलं होतं. संयोगिताचा हात त्यानं ओळखला.

त्या अपघातानंतर तिनं त्याचा डावा हात कधी हातात घेतला नव्हता. धुतला होता, पुसला होता, पट्टी बदलली होती. धरला नव्हता. झोपतानाही ती त्याच्या उजव्या अंगाला झोपायची. आणि आता तिची तीन बोटं त्याच्या तीन बोटांखाली होती, पूर्वीसारखी, आणि बाळाच्या हाताला धरून पाटीवर गिरवून घ्यावं तसा त्याचा हात तिच्या हाताबरोबर चालला होता. त्यानं ओळखलं की आज बोटं त्याचं ऐकतायत. उचल म्हटलं तर उचलली जातील.

त्यानं लगेच उचलली नाहीत.

चहा निवून गेला. तिची बोटं आता हळू होत होती. अडत होती. एका अक्षरावर रुतून राहिली, सुटायला धडपडली. तेव्हा आकाराम भानावर आला आणि त्यानं हात वर घेतला. सगळा जीव एकवटून घेतला. बाकडं हललं, कप पडला. बोटं उचलली गेली नाहीत.

वरनं वजन होतं. त्याच्या बोटांच्या पाठीवर आणखी कुणाचीतरी बोटं होती. जाड, खरबरीत, एकाचं नख उभं चिरलेलं, तेलाची चिकटाई असलेली. ती त्याची नव्हती. त्यांच्याही वर आणखी होती, आणि त्यांच्यावर आणखी. कुणी आवळत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. नुसती एकावर एक ठेवलेली होती, एकाच ठरल्या जागेत टाकल्यासारखी, आणि वरचं वजन वाढत होतं. सगळ्यांत खाली तिची बोटं होती.

"आकाराममामा, काय हुतंय?" टपरीवाला म्हणाला. "हात दुकतोय का?"

आकाराम टपरीच्या पत्र्याला मनगट आपटत होता.

८

चाचणी सुटली. पोरं-पोरी बोलत बोलत खाली आली. संयोगिता सगळ्यांच्या मागनं आली. ती रडली नव्हती. चालत थेट टपरीपाशी आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. डावा हात पदराखाली होता.

"खिडकीकडची?" आकारामनं विचारलं.

"शेवटची," ती म्हणाली. "पयल्या दोन वळी झाल्या बगा. लई चांगल्या झाल्या. मग बोटं उचलंनात. सरांस्नी बलवलं, त्यांनी कीबोर्ड बदलला. तरी बी न्हाई. बसून राहिलो येळ संपस्तवर. शेजारची पोरगी टकाटका बडवत हुती, मी नुसता बसल्यालो."

"संयोगिता..."

"कुणी तरी वरनं धरलं हुतं. कुणी तरी कशाला म्हणू?" तिचा आवाज कुठंच चढला नाही. "येवढी वर्सं संसार केला. तुमचा हात मला कळत न्हाई व्हय?"

तिनं पदर बाजूला केला. तीन बोटं पांढरीफटक पडली होती. पेरांवर दाबाचे वळ होते. आडवे, तिरके, एकमेकांवर चढलेले; तीन बोटांचे नव्हेत, एका हाताचेही नव्हेत, कितीतरी हातांचे. आकारामला ते स्पष्ट दिसत होते. ते बघ, असं त्याला म्हणायचं होतं. बघ, ही एवढी सगळी माझी कशी असतील? पण ती आपल्या हाताकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मी उचलत हुतो गं," तो म्हणाला.

"म्हंजे हुतासा."

बोललो ते चुकलं, हे त्याला बोलल्यावर कळलं. "उचलत हुतो. देवाशप्पत. उचलंना. माझ्या वर..."

"पयल्यापासनं उचलत हुतासा?" संयोगितानं विचारलं.

एक ट्रॉली गेली. तिच्या धडधडाटात उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं, ऐकू गेलं नसतं. हो म्हणायला एकच अक्षर लागत होतं. तेवढं अक्षर त्याला खोटं बोलता आलं नाही.

तिनं पदर पुन्हा हातावर ओढून घेतला. मोपेड तिथंच उभी होती, पण ती तिच्याकडे गेली नाही. रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली, ती चढली, आणि ज्या बाजूनं टपरी दिसत नाही त्या बाजूला जाऊन बसली.

आकाराम बाकड्यावर तसाच बसून राहिला. त्याच्या डाव्या हाताखाली आता कुणाची बोटं नव्हती. वरचं वजन तेवढं तसंच होतं.